अंधारखोलीचे सोवळे

जुन्या छायाचित्राखाली हमखास आढळणारे एक वाक्य आहे : ‘त्या काळी फोटोशॉप नव्हते.’ एवढे म्हटले की चित्र खरे ठरते आणि वाद मिटतो. हेच वाक्य उलटे फिरवून आजच्या छायाचित्रकारांवरही उगारले जाते. डिजिटल कॅमेऱ्याने चित्र टिपायचे, संगणकावर त्याचे काळे-पांढरे उलटे रूप तयार करायचे, ते पारदर्शक फिल्मवर छापायचे आणि ती फिल्म हाताने रसायने लावलेल्या कागदावर ठेवून जुन्या पद्धतीने प्रिंट काढायची, असे काम करणारे लोक आज जगभर आहेत. डार्करूमचे निष्ठावंत त्यांना बजावतात की ही भेसळ आहे; अंधारखोलीत संगणकाची सावली पडली की ती विटाळली.

या आरोपामागे इतिहासाची एक समजूत आहे. अंधारखोली म्हणजे सत्याचे गर्भगृह. प्रकाशाने जे लिहिले ते तेथे केवळ प्रकट होई. हातचलाखी आली ती संगणकाबरोबर. ही समजूत धादांत खोटी आहे. तिचे दुष्परिणामही दोन आहेत. कलावंत विनाकारण अपराधी ठरतो. आणि इतिहासाचा वाचक जुन्या चित्रापुढे भाबडा होतो. यातले दुसरे नुकसान अधिक मोठे.

सुरुवात फ्रान्सच्या समुद्रकिनाऱ्यापासून करावी लागते. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी ओल्या कोलोडियनची काच प्रचारात आणली. या काचेला निळा प्रकाश फार लवकर लागे. समुद्र नीट उमटेपर्यंत आकाश जळून कोरे पांढरे होई. आकाशातले ढग टिपावेत तर खालचा समुद्र काळाठिक्कर पडे. गुस्ताव ल ग्रे यांनी १८५६-५७च्या सुमारास काढलेल्या समुद्रचित्रांत मात्र उसळत्या लाटा आणि दाटलेले ढग एकाच कागदावर दिसतात. पाहणारे थक्क झाले. त्यांतील काही चित्रांचे रहस्य असे की समुद्र एका निगेटिव्हवरून छापला होता आणि आकाश दुसऱ्या. क्षितिजाच्या रेषेवर दोन्हींची गाठ घातलेली. एकच आकाश त्यांच्या एकाहून अधिक चित्रांत सापडते! आज मोबाइलमध्ये ‘आकाश बदला’ अशी सोय दिसली की नाक मुरडणाऱ्यांनी हे आकाश एकदा पाहावे.

ल ग्रे यांच्या सांध्याला तंत्राची गरज तरी होती. ऑस्कर रेलँडर यांनी १८५७ साली ३० हून अधिक निगेटिव्ह जोडून ‘टू वेज ऑफ लाइफ’ हे भलेमोठे रूपकचित्र रचले. ते मँचेस्टरच्या कलाप्रदर्शनात मांडले गेले आणि त्याची एक प्रत राणी व्हिक्टोरियाने विकत घेतली. पुढच्याच वर्षी हेन्री पीच रॉबिन्सन यांनी पाच निगेटिव्ह जोडून मरणासन्न मुलीचे ‘फेडिंग अवे’ हे चित्र केले. छायाचित्रणाच्या जाहीर जन्माला, म्हणजे १८३९ला, तेव्हा वीस वर्षेही झाली नव्हती. ज्या बाल्यावस्थेला निष्ठावंत निष्पाप मानतात, तिचे हे खेळ!

हे सारे युरोपातले, आपल्याकडे असे काही नव्हते, असा दिलासाही घेता येत नाही. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातील नामवंत भारतीय छायाचित्रकार त्या सोसायटीचे सभासद होते. त्याच सोसायटीतील विल्यम जॉन्सन यांनी मुंबईतील जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड लंडनहून १८६३ आणि १८६६ साली प्रसिद्ध केले. ‘द ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्ज, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे’ हे त्यांचे नाव. त्यांतील माणसे वेगळी टिपलेली आहेत आणि त्यांच्या मागचे देखावे दुसऱ्या निगेटिव्हवरून आणून जोडलेले आहेत. माणसे खरी, देखावाही खरा. ती माणसे त्या ठिकाणी त्या क्षणी उभी होती, एवढेच खरे नाही. एखादा उत्साही अभ्यासक या चित्रावरून ‘अमुक समाजाचे लोक अमुक ठिकाणी वावरत’ असा निष्कर्ष काढू लागला, तर तो पुराव्याने नव्हे, कात्रीने फसलेला असेल. वसाहतीच्या सरकारला आणि त्याच्या वाचकांना प्रजेचे नमुने हवे होते, प्रत्येक नमुन्यामागे शोभेसा पडदा हवा होता. अंधारखोलीने तो पुरवला.

गावोगावच्या स्टुडिओंची गोष्ट तर घरोघरी ठाऊक असायला हवी. लग्नाचे स्थळ दाखवण्यासाठी काढलेल्या फोटोची निगेटिव्ह रिटचिंग करणाऱ्याच्या उजेडपेटीवर जाई. टोकदार पेन्सिलीने तो चेहऱ्यावरचे देवीचे व्रण बुजवी, डोळ्यांखालची काळी वर्तुळे पुसट करी, वर्ण उजळी. आजीच्या ज्या फोटोकडे बोट दाखवून ‘तेव्हाचे फोटो कसे खरे असत’ असे म्हटले जाते, त्या फोटोतील नितळ गालावर बहुधा कुणा कारागिराच्या पेन्सिलीचा थर आहे.

आता फोटोशॉपकडे वळावे. १९९० साली बाजारात आलेला हा प्रोग्रॅम थॉमस आणि जॉन नोल या अमेरिकन भावांनी रचला. त्यांचे वडील हौशी छायाचित्रकार होते आणि घराच्या तळघरात त्यांची डार्करूम होती. हा तपशील चरित्रातील सजावट म्हणून सोडून देण्यासारखा नाही, कारण प्रोग्रॅमच्या पडद्यावरच तो कोरलेला आहे. चित्राचा भाग उजळ करणाऱ्या ‘डॉज’ या अवजाराचे चिन्ह म्हणजे काडीवर बसवलेली गोल चकती. एन्लार्जरच्या प्रकाशात अशीच पुठ्ठ्याची चकती धरून, सतत हलवत, चेहऱ्यावर पडणारा प्रकाश अडवत असत. ‘बर्न’चे चिन्ह म्हणजे अर्धवट मिटलेला हात; तशीच मूठ करून, फटीतून जादा प्रकाश सोडून आकाश काळवंडवत असत. ‘अनशार्प मास्क’ या नावाने तर आजचे विद्यार्थी गोंधळतात : चित्र रेखीव करणाऱ्या आज्ञेच्या नावात ‘अनशार्प’ कशाला? कारण ती मूळची डार्करूमची युक्ती आहे. निगेटिव्हवरून मुद्दाम धूसर आणि फिकी पॉझिटिव्ह फिल्म करायची, दोन्ही एकावर एक ठेवून प्रिंट काढायची. धूसर मुखवट्यामुळे मोठे उजेड-अंधार सौम्य होतात आणि कडा उठून दिसतात. संगणकाने हे गणिताने केले, नाव मात्र जुनेच राहिले. म्हणजे ज्याला घुसखोर म्हणतात तो या घरात जन्मलेला मुलगा आहे आणि घरचीच भाषा बोलतो.

यावर निष्ठावंतांचे ठरलेले उत्तर असते अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स. अ‍ॅडम्स यांचे नाव घेतले की शुद्धतेचा पक्ष जिंकला, असे त्यांना वाटते. १९३२ साली ‘ग्रुप एफ/६४’ स्थापन करून चित्रकलेची नक्कल करणाऱ्या धूसर छायाचित्रणाविरुद्ध बंड करणाऱ्यांत अ‍ॅडम्स होते, हे खरेच. पण त्यांच्या ‘मूनराइज, हर्नांडेझ, न्यू मेक्सिको’ या सर्वांत प्रसिद्ध चित्राच्या प्रिंट काळानुसार लावून पाहाव्यात. आरंभीच्या प्रिंटमधील आकाश करडे आहे, त्यात ढगांचे फिके पट्टे दिसतात. पुढच्या काळातील प्रिंटमध्ये तेच आकाश जवळजवळ काळे होत गेले आहे. १९४८ साली अ‍ॅडम्स यांनी निगेटिव्हच्या खालच्या भागावर रासायनिक प्रक्रिया करून तो अधिक घट्ट केला. एका निगेटिव्हवरून त्यांनी आयुष्यभरात १३०० हून अधिक प्रिंट काढल्या असे सांगितले जाते, आणि प्रत्येक वेळी चकती, पुठ्ठा आणि हात प्रकाशात नाचवले. तरुणपणी पियानोवादक होऊ पाहणारे अ‍ॅडम्स निगेटिव्हला संगीताच्या लिखित स्वरावलीची उपमा देत आणि प्रिंटला वादनाची. मराठी कानाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही : बंदिश एकच, मैफल दर वेळी निराळी. बंदिश जशीच्या तशी म्हणून दाखवणाऱ्याला कुणी थोर गवई म्हणत नाही.

याच अ‍ॅडम्स यांनी १९८१च्या ‘द निगेटिव्ह’ या पुस्तकाच्या प्रास्ताविकात पुढची मोठी प्रगती इलेक्ट्रॉनिक प्रतिमेची असेल असे लिहिले आणि आपण तिची उत्सुकतेने वाट पाहत असल्याचेही नोंदवले. पुस्तकाचे नाव ‘निगेटिव्ह’, लेखक अंधारखोलीचा महर्षी, आणि स्वागत कुणाचे? ज्याच्यापासून अंधारखोली वाचवायची म्हणतात त्याचेच.

प्रत्यक्ष कामाची रीत पाहिली की भेसळीचा आरोप आणखीच पोकळ ठरतो. सायनोटाइप ही सर जॉन हर्शेल यांची १८४२ची पद्धत. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरीसायनाइड यांचे मिश्रण कागदावर ब्रशने लावतात, अंधारात वाळवतात, वर निगेटिव्ह ठेवून उन्हात धरतात आणि पाण्याने धुतात. निळे चित्र उमटते. इंजिनियरांचे ‘ब्लूप्रिंट’ ते हेच. १८७३ साली विल्यम विलिस यांनी पेटंट घेतलेली प्लॅटिनमची पद्धतही अशीच मंद आणि अतिनील प्रकाशावर चालणारी. एन्लार्जरच्या दिव्याला हे कागद दाद देत नाहीत. म्हणून निगेटिव्ह कागदाला चिकटवूनच प्रिंट काढावी लागते, आणि जेवढे चित्र हवे तेवढीच मोठी निगेटिव्ह लागते. एकोणिसाव्या शतकात त्यासाठी पेटाऱ्याएवढा कॅमेरा पाठीवर वाहून नेत. फिल्मचे कॅमेरे लहान झाले, छोट्या निगेटिव्हवरून एन्लार्जरने मोठ्या प्रिंट निघू लागल्या, आणि या सुंदर पद्धती अडगळीत गेल्या. त्यांना संगणकाने मारले नाही. त्या त्याच्या किती तरी आधी मागे पडल्या होत्या, आणि त्याही डार्करूममधील सोयीमुळेच!

उलट संगणकाने त्यांना पुन्हा उभे केले. अमेरिकेतील डॅन बर्कहोल्डर यांनी १९९५ साली कॉन्टॅक्ट प्रिंटसाठी डिजिटल निगेटिव्ह बनवण्यावर पुस्तक लिहिले. पुढे घरगुती इंकजेट प्रिंटर सुधारले, शाई धरून ठेवणारी पारदर्शक फिल्म मिळू लागली, आणि हव्या त्या मापाची निगेटिव्ह टेबलावर छापता येऊ लागली.

हे काम बटण दाबण्याचे आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी ते एकदा करून पाहावे. पडद्यावरच्या करड्या छटा आणि कागदावर उमटणाऱ्या छटा यांचे मुळीच जुळत नाही. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत पायऱ्यापायऱ्यांची पट्टी छापून, तिची प्रिंट काढून, कोणत्या पायऱ्या एकमेकींत मिसळल्या हे पाहावे लागते. त्यानुसार निगेटिव्हच्या छटांची वक्ररेषा दुरुस्त करून पुन्हा प्रिंट, पुन्हा तपासणी. कागदाची जात बदलली की सगळे पहिल्यापासून. कागदातील ओलावा बदलला तरी परिणाम बदलतो, त्यामुळे मार्चमधील कोरड्या पुण्यात बसवलेले गणित जुलैतल्या मुंबईत टिकेलच याचा भरवसा नाही. ब्रशचा फटकारा तर प्रत्येक वेळी वेगळाच. संगणक आल्याने हाताचे काम कमी झाले नाही.

चांदीच्या कागदाचीही हीच कथा. सेबास्तियाओ साल्गादो यांनी २००४ साली ‘जेनेसिस’ हा प्रकल्प फिल्मवर सुरू केला. विमानतळावरील क्ष-किरण तपासणीत फिल्म पुन्हा पुन्हा भाजून निघू लागली, तेव्हा २००८च्या सुमारास ते डिजिटल कॅमेऱ्याकडे वळले. पण चित्रांची निवड त्यांनी पडद्यावर केली नाही. कॉन्टॅक्ट शीट छापून, भिंगाने पाहून केली. निवडलेल्या फाइलींवरून मोठ्या आकाराच्या फिल्म निगेटिव्ह बनवून घेतल्या आणि त्यांवरून अंधारखोलीत जिलेटिन सिल्व्हर कागदावर प्रिंट काढल्या. २०१३ साली लंडनमध्ये हे प्रदर्शन मांडले गेले. शेजारी-शेजारी टांगलेल्या प्रिंटमधील कोणती फिल्मवरची आणि कोणती डिजिटलवरची, हे केवळ डोळ्यांनी सांगू म्हणणाऱ्याने पैज लावण्यापूर्वी विचार करावा.

शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना कागद कुठून येतो याचीही चिंता दिसत नाही. २००४ साली इलफर्ड कंपनी दिवाळखोरीच्या दारात गेली आणि नव्या मालकीखाली कशीबशी सावरली. २००५ साली कोडॅकने कृष्णधवल कागदाचे उत्पादन थांबवल्याचे जाहीर केले. कागद, हायपो आणि डेव्हलपर विकत घेणारी माणसे असतील तरच हे कारखाने चालतात. डिजिटल फाइल घेऊन अंधारखोलीच्या दारात उभ्या असलेल्या तरुणाला ओवळा ठरवून परत पाठवणे, हा त्या खोलीला टाळे लावण्याचा खात्रीचा उपाय आहे.

आता निष्ठावंतांच्या बाजूने जे खरे आहे तेही नोंदवायला हवे, कारण त्यांचा एक मुद्दा खरोखर वजनदार आहे. फिल्मची निगेटिव्ह ही एक वस्तू असते. ती प्रसंगाच्या वेळी तेथे हजर होती. प्रिंटमध्ये कितीही फेरफार केले तरी मूळ निगेटिव्ह कपाटात असते आणि शंभर वर्षांनी कुणीतरी ती बाहेर काढून तुलना करू शकतो. फाइलला असे शरीर नसते.

मुद्दा खरा, पण तो निगेटिव्ह जपण्याचा आहे, अंधारखोलीच्या पावित्र्याचा नव्हे. मे १९४५मध्ये बर्लिनच्या राइशस्टागवर सोव्हिएत झेंडा फडकवणाऱ्या सैनिकांचे येवगेनी खाल्देई यांनी काढलेले चित्र घ्या. सैनिकाला आधार देणाऱ्या अधिकाऱ्याच्या दोन्ही मनगटांवर घड्याळे होती, म्हणजे लुटीचा संशय उघड. छापण्यापूर्वी एक घड्याळ पुसले गेले. मागे धुराचे लोट गडद केले गेले. निकोलाय येझोव हे स्टालिनच्या गुप्त पोलिसांचे प्रमुख कालव्याच्या काठावर त्यांच्याच शेजारी चालताना टिपले गेले होते. १९४० साली त्यांना मृत्युदंड देण्यात आला आणि पुढे त्या चित्रात त्यांच्या जागी केवळ पाणी उरले. ही सारी कामे हाताने, संगणकाशिवाय, उत्तम कारागिरांनी केली. याउलट फेब्रुवारी १९८२च्या ‘नॅशनल जिओग्राफिक’च्या मुखपृष्ठासाठी संगणकाने गिझाचे पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले, तेव्हा मात्र केवढा गहजब झाला! माणूस नाहीसा करण्यापेक्षा पिरॅमिड सरकवणे अधिक गंभीर, असा निवाडा केवळ साधन बदलले म्हणून होऊ शकतो काय?

तेव्हा प्रश्न साधनाचा नाही. काय केले आणि ते सांगितले की लपवले, हा प्रश्न आहे. ल ग्रे यांनी सागराचे काव्य दाखवले. कुणाच्या अपराधाचा पुरावा म्हणून ते पुढे केले नाही. जॉन्सन यांचे खंड मात्र माहितीचे पुस्तक म्हणून विकले गेले, आणि तेथे जोडलेला देखावा वेगळ्या न्यायाने तोलावा लागतो. दिल्लीचे चित्रकार विवान सुंदरम यांनी २००१-०२च्या ‘रिटेक ऑफ अमृता’ या मालिकेत आपले आजोबा उमराव सिंग शेरगिल यांनी काढलेली जुनी कौटुंबिक छायाचित्रे संगणकावर एकमेकांत मिसळली. शीर्षकातच पुनर्रचनेची कबुली आहे. तेथे कुणाची फसवणूक होत नाही.

फसवणूक कुठे होते, तर आज मोबाइलमध्ये टिपलेल्या चित्रावर एका टिचकीसरशी कृत्रिम ओरखडे, पिवळेपणा आणि दाणे शिंपडून ते ‘दुर्मीळ छायाचित्र’ म्हणून गटागटांत धाडले जाते तेथे. फुटक्या निगेटिव्हवरच्या स्वातंत्र्यसैनिकाला संगणकाने नवा चेहरा बसवून ‘मूळ रूपात प्रथमच’ अशी जाहिरात होते तेथे. आश्चर्य असे की डिजिटल निगेटिव्हवरून कष्टाने सायनोटाइप काढणाऱ्यावर तुटून पडणारे लोक ही दुर्मीळ छायाचित्रे निःशंकपणे पुढे पाठवतात. चित्र पिवळे आहे, एवढा पुरावा त्यांना पुरतो.

संग्रहालये आणि दालने याबाबत अधिक काटेकोर होऊ शकतात. ‘जिलेटिन सिल्व्हर प्रिंट’ एवढी पाटी कागदाची जात सांगते, निगेटिव्हचे कूळ सांगत नाही. ‘डिजिटल फाइलपासून बनवलेल्या निगेटिव्हवरून’ हे चार शब्द जोडल्याने प्रिंटची किंमत उतरत असेल, तर ती किंमत मुळात कशाची होती हे विक्रेत्यांनी सांगावे. आणि प्रिंट काढणाऱ्याने मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवावे : चित्र केव्हा, कुठे, कशाने टिपले, काय उजळले, काय काढून टाकले, कोणती रसायने, कोणता कागद.

ही नोंद अ‍ॅडम्स यांनीही ठेवली नव्हती. ‘मूनराइज’ नेमके कधी टिपले ते त्यांना सांगता येईना. वेगवेगळ्या ठिकाणी त्यांनी १९४० ते १९४४ पर्यंतची वर्षे दिली. शेवटी चित्रातील चंद्राच्या स्थानावरून खगोलीय गणित मांडावे लागले. डेव्हिड एल्मोर यांचे उत्तर आले ३१ ऑक्टोबर १९४१. पुढे डेनिस डी चिको यांनी ते गणित पुन्हा तपासून १ नोव्हेंबर १९४१, दुपारचे ४ वाजून ४९ मिनिटे अशी दुरुस्ती केली. आकाश कितीही काळे केले तरी चंद्र आपल्या जागेवरच राहिला होता. आजच्या डिजिटल फाइलमध्ये तारीख आणि वेळ आपोआप नोंदली जाते. अर्थात कॅमेऱ्यातील घड्याळ कुणी बरोबर लावले असेल तर.